लाल दोऱ्याच्या शेंगा

आधी बोट. उजव्या हाताचं मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, थोडा वेळ तिथंच ठेवायचं, बाहेर काढून अंगठ्याने चोळायचं आणि मग निकाल द्यायचा: "ह्याला अजून तहान न्हाई."

माझी आणि अक्काची ओळख ह्या बोटानेच झाली. कमलनगरच्या मराठी शाळेत बदली होऊन आलो, त्या आठवड्यात मी हौसेने गुलाबाची एक कुंडी विकत आणली होती आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी तिच्यात ओतत होतो. चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतली म्हातारी न विचारता आली, कुंडीत बोट घातलं आणि म्हणाली, "गुरजी, बुडवून मारायलाव का हिला?" मला राग आला. आम्हा मास्तरांना चूक दाखवायची सवय असते, दाखवून घ्यायची नसते. गुलाब आठ दिवसांत मेला. रिकामी कुंडी तिने उचलून नेली आणि तिच्यात कोथिंबीर लावली. पहिली जुडी मात्र माझ्या बायकोच्या हातात आणून दिली, म्हणून मला फार काही बोलता आलं नाही.

आम्ही बसस्टँडच्या मागे, लोखंड-सिमेंटच्या एका दुकानावर राहायचो. वर दोन खोल्या. एकीत मी आणि माझी बायको, दुसरीत अक्का, तिचा मुलगा आणि सून. मुलगा खेड्यांवर जीप चालवायचा. ती जीप मंठाळचं दोन एकर रान विकून आली होती. अक्काच्या खोलीत एक खाट, एक कपाट आणि गॅसची शेगडी ठेवली की पाय पसरायला जागा उरत नसे. त्यामुळे अक्का राहायची ती बहुतेक गच्चीवरच.

गच्चीवर तिचे डबे होते. खालच्या दुकानातले रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, कान तुटलेली बादली, जीपचं एक जुनं टायर. प्रत्येकाच्या बुडाला तापलेल्या खिळ्याने पाडलेली भोकं आणि खाली दोन-दोन विटा. विटा घरमालकाच्या समाधानासाठी होत्या. स्लॅब गळेल म्हणून तो महिन्यातून एकदा तणतणत वर यायचा आणि पाच मिरच्या किंवा मूठभर मेथी घेऊन शांतपणे खाली जायचा. माती मंठाळहून आली होती. रान विकलं, त्याच्या आदल्या दिवशी तिने मुलाकडून खताच्या आठ पोत्यांत भरून घेतली होती. "रान त्येंचं झालं, माती तेवढी आणली," असं ती सांगायची. त्यात काही खंत आहे असं तेव्हा तिच्या आवाजावरून वाटायचं नाही.

तुम्ही शहरात गच्चीवरच्या बागा बघितल्या असतील. जास्वंद, तुळस, मनीप्लांट. अक्काकडे फुलाचं एक झाड नव्हतं. तिच्या डब्यांत तूर होती, अंबाडी होती, करडई होती, टायरमध्ये ज्वारीची पंधरा-वीस ताटं उभी होती. ती डब्यांना डबे म्हणत नसे. पाण्याच्या टाकीजवळचे चार डबे म्हणजे "हिरीकडलं रान", विहिरीजवळचं. जिन्याच्या तोंडाशी ठेवलेले म्हणजे "वाटंवरचा तुकडा". सून खालून हाक मारायची, तर ही वरून ओरडायची की हिरीकडल्या रानात हाय, येते. मी एकदा वर्गात क्षेत्रफळ शिकवत होतो, तेव्हा उगीच मनात हिशेब केला. अक्काचं सगळं शिवार आमच्या शाळेच्या एका फळ्याएवढं भरलं.

कशाचीही घाई केलेली तिला चालत नसे. मी भराभर जिना चढलो तरी, बायकोने कच्ची मिरची तोडली तरी, मुलगा उभ्याउभ्या जेवला तरी एकच प्रश्न: "घाई कामून करायलास?" मला पहिलं वर्षभर ती तुम्ही म्हणायची. नंतर कधी तू म्हणायला लागली ते माझ्याही लक्षात आलं नाही.

ह्या भागात येळअमावस्येला गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात असतात. कडब्याची कोपी घालायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, तूर-हरभरा-वाटाणा-पावटा जे काही हिरवं असेल ते घालून भज्जी करायची, आणि ज्वारीच्या आंबट अंबिलीचा तांब्या घेऊन रानाभोवती फिरत पिकावर अंबिल शिंपडायची. ज्याचं रान नाही त्याला दुसरा कुणीतरी बोलावून नेतो. अक्कालाही दीर बोलवायचे. ती गेली नाही. तिने टायरमधली पाच ताटं वाकवून टोकाला बांधली, ती झाली कोपी. तिच्यात सुपारीएवढे पाच खडे चुना लावून मांडले. मग डोक्यावर पदर घेऊन, तांब्यातली अंबिल निंबाच्या डहाळीने शिंपडत, "ओलगे, ओलगे" असा सणाचा गजर करत ती आपल्या डब्यांभोवती फिरली. फेरी दहा पावलांत संपली. तिने पाच फेऱ्या घातल्या.

मग गच्चीवरच पंगत बसली. मालक, त्याची बायको, आम्ही दोघं, सून, मुलगा आणि त्याचे दोन ड्रायव्हर मित्र. गुडघ्याला गुडघा लागत होता, पाठीला तुरीचं झाड टोचत होतं. मालक थट्टेने म्हणाला, अक्का, तुझं शिवार हाय तरी किती एकर? ती वाढता वाढता म्हणाली, "माणसं बसल्यावर पीक तुडवलं जातंय, येवढं." सगळे हसले. मीही हसलो. पण पलीकडे तोंड करून तिने डोळ्यांना पदर लावलेला मी बघितला, आणि धूर नव्हता.

आता पावट्याचं सांगायला हवं.

हिरीकडल्या रानात शेवटच्या डब्यात, टाकीच्या पाइपला धरून, पावट्याचा एक वेल होता. मंठाळच्या रानात बांधावर तिच्या सासूने लावलेला, त्याचं बी. दाणा पांढरा आणि पाठीवर काजळाचं बोट लावावं तशी काळी टिकली. बाजारात असा पावटा मी कधी बघितला नाही. मेथीचं, अंबाडीचं बी ती येईल त्याला द्यायची, नको म्हणाला तरी खिशात घालायची. पावट्याचं बी मात्र कुणाला दिलं नाही. मिरगात निम्मं लावायची, निम्मं राखेत घालून ठेवायची, आणि नवं बी हाती आलं की मग जुनं खायला काढायची. नवं बी धरायचं म्हणजे वेलाच्या बुडाशी आलेल्या, भरलेल्या दहा-बारा शेंगा हेरून त्यांच्या देठाला लाल दोरा बांधायची. त्या शेंगांना कुणी हात लावायचा नाही. त्या वेलावरच वाळायच्या.

गेल्याच्या गेल्या वर्षी मिरगात तिने वेल लावला आणि उरलेल्या निम्म्या बियांची पुडी माझ्या हातात ठेवली. चौदा दाणे होते. म्हणाली, तू लिहिणारा-वाचणारा माणूस, जपून ठेवशील. शिवाय दोन घरी बी असलेलं बरं. राखेत ठेव म्हणून बजावलं. मी पुडी घेतली आणि ठेवली.

त्याच वर्षी मार्गशीर्षात अक्का गच्चीच्या जिन्यावरून पाण्याच्या बादलीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुलाने जीपच्या मागच्या सीटवर गादी टाकून तिला बिदरला दवाखान्यात नेलं. जीपमध्ये घालताना ती कण्हत नव्हती, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की पाणी बोट घालून बघून दे, तांब्याने मोजून नको.

ऑपरेशन झालं. आठच दिवसांवर येळअमावस्या आली. माझी बायको म्हणाली, अक्काचा सण आपण करायचा. तिने पहाटे उठून गच्चीवर कोपी बांधली, पांडव मांडले, अंबिल शिंपडली. अक्काच्याच डब्यांतलं जे होतं ते तोडून भज्जी केली. मी शाळेत रजा टाकली. डबा घेऊन आम्ही बिदरची बस धरली, सबंध वाट बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. इतकं चांगलं काम आपण पुष्कळ दिवसांत केलं नाही, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

अक्काने उशीला टेकून ताट मांडीवर घेतलं. दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला ती थांबली. तोंडातला निबर दाणा बोटांवर काढला, उजेडाकडे धरून बघितला आणि माझ्या बायकोला विचारलं, "दोरा व्हता का ह्याला?"

बायको खुशीत म्हणाली, व्हय अक्का, दोऱ्याच्या शेंगा तर लई भरल्या होत्या, तुम्ही सणासाठी राखून ठेवल्यात म्हणून आधी त्याच तोडल्या. तिचंही काय चुकलं? आमच्याकडे राखलेल्या वस्तूला लाल दोरा बांधतात, तो नवसाचा असतो नाहीतर सणाचा. ती लातूरच्या भाड्याच्या खोलीत वाढलेली. बियाला दोरा बांधतात हे तिला कुठून ठाऊक असणार?

अक्काने दाणा परत तोंडात घातला. सावकाश चावून गिळला. सगळं ताट संपवलं आणि भज्जी झकास झाली म्हणाली. बायको डबा धुवायला नळावर गेली, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"बियाचं व्हतं ते," ती म्हणाली. "बाईला सांगू नको. मायेनं केलंय तिनं."

मी म्हणालो, अक्का, वेल आहे की अजून, वर कळ्या आहेत, येतील शेंगा. तिने मान हलवली. मग माझा हात धरून म्हणाली, "तुला दिलेली पुडी हाय नव्हं?"

"हाय की, अक्का," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

त्या वेळी मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. पुडी घरात कुठेतरी होतीच. घरी येऊन ती शोधायला मला चार दिवस लागले. शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात सापडली. उघडली तर पिठाचा धूर उठला. चौदाच्या चौदा दाण्यांना भुंग्यांनी भोकं पाडली होती. राख घालायची राहून गेली होती. राहून गेली म्हणजे काय, मी घातलीच नव्हती. आमच्या घरी गॅस, राख कुठून आणू, असं मनाशी म्हणून पुडी कुठेतरी सरकवली होती. ती स्वतः बसस्टँडवरच्या हॉटेलच्या भट्टीतून राख मागून आणायची. मला तेवढी शंभर पावलं चालणं जमलं नाही.

आणि वेलाचं ऐका. त्याच आठवड्यात शाळेत तपासणी आली. मी सकाळी जायचो, अंधार पडता यायचो. बायको अक्काच्या सुनेला सोबत म्हणून बिदरला राहिली होती. आठ-दहा दिवस मी गच्चीवर पाऊल टाकलं नाही. टाकलं तेव्हा शेवटच्या डब्यात बोट घातलं, तर बोट आत जाईना. तुरीने, अंबाडीने कसाबसा जीव धरला होता, वेल मात्र पाइपवर सुतळीसारखा वाळला होता. बायकोची चूक मायेची होती. माझी आळसाची होती. आळसाच्या चुकीला क्षमा मागायला तोंड नसतं.

अक्का घरी आली ती खाटेवरच. जिना चढणं तिच्या नशिबात पुन्हा आलं नाही. वेल गेला हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "तुमी तरी काय करणार, गुरजी, शाळा हाय," असं म्हणाली. तिने तुम्ही म्हटलेलं मला फार लागलं. पण पुडी आहे, मिरगात लावू, असं तीच पुढे म्हणाली. मी हो म्हणालो. इथून मात्र मी जाणूनबुजून खोटं बोलत होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मंठाळला जाऊन आलो. तिचं रान विचारत गेलो. बांध उरला नव्हता, ट्रॅक्टरने सपाट केला होता. नव्या मालकाने चहा पाजला, टिकलीचा पावटा त्याने ऐकला नव्हता. दिराच्या घरी, वाटेवरच्या आणखी दोन गावांत विचारलं. एका बाईला आठवत होता. म्हणाली, व्हता की, पूर्वी समद्यांच्या बांधाला व्हता.

मिरगात मी ते भोकं पडलेले चौदा दाणे पाण्यात भिजवून डब्यात लावले. एकातून तरी काही येईल अशी आशा होती. काही आलं नाही.

पाचव्या दिवशी अक्काने खाटेवरून विचारलं, उगवलं का? मी दारात उभा होतो. "उगवलं," मी म्हणालो.

मग रोज. किती पानं फुटली? चार. काडी रोवलीस का? रोवली. खरंच रोवली होती, तेवढी मी गच्चीवर जाऊन रोवून आलो. पाइपला सुतळी बांध म्हणाली, तीही बांधली. नसलेल्या वेलाची मी सगळी सेवा केली. श्रावण लागला, तेव्हा माझा वेल टाकीच्या कडेपर्यंत चढला होता. त्याला किती फांद्या आहेत, कुठली कुठल्या बाजूला वळलीय, हे मी झोपेतही सांगू शकलो असतो. ती डोळे मिटून ऐकायची. कधी मधेच हात उचलून मधलं बोट हवेत खाली-वर करायची, पाणी बघून घाल म्हणून. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती, जेवण सुटलं होतं. वेलाची गोष्ट निघाली की चार चमचे पेज पोटात जायची. सून मला म्हणायची, गुरजी, जेवायच्या वेळंलाच येत जावा.

तिने एकदाही म्हटलं नाही की एक पान तोडून आण, बघू दे. मी त्या मागणीच्या धास्तीत होतो. ती येत नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटायचं.

पोळ्याच्या आधी एक दिवस तिने विचारलं, "मावा पडला का रे?"

मी अभिमानाने सांगितलं, "न्हाई, अक्का. एक किडा न्हाई. एकदम स्वच्छ हाय."

तिने वर स्लॅबकडे बघितलं. मग माझा हात ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. "बरं," म्हणाली. "लई चांगलं केलास बाबा." त्या दिवशी तिने आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा विचारलं, आज किती चढला? आणि मी सांगितलं.

पोळा झाला आणि चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. तिला मंठाळला नेलं. मी जीपच्या मागच्या सीटवर तिच्या पायाशी बसलो होतो. वाटेत सगळीकडे सोयाबीन होतं.

तेरावा झाल्यावर मुलगा माझ्याकडे आला. भालकीला खोली बघितली होती, तिकडे जायचं होतं. डबे तुमीच ठेवा म्हणाला. मग जुन्या आठवणी निघाल्या. मंठाळच्या रानात लहानपणी त्याच्याकडे एकच काम होतं, बांधावरच्या पावट्याचा मावा पुसायचा आणि राख मारायची. बोटं काळी व्हायची. "मावा न पडलेला पावटा आमच्या आईनं जल्मात बघितला न्हाई, गुरजी," तो हसत म्हणाला. "टिकलीच्या पावट्याला तर सगळ्यात आधी."

ज्या बाईने मातीत बोट घालून झाडाची तहान ओळखली, ती मला काय ओळखणार नव्हती? तिला कळलं होतं. कळल्यावरही ती रोज विचारत राहिली. माझ्यासाठी विचारत होती की स्वतःसाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

मग सून त्यांच्या खोलीतून एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. खाटेखाली होता म्हणाली. आषाढात अक्काने तिला बसस्टँडवरच्या हॉटेलात मुद्दाम पाठवलं होतं. भट्टीची राख आणायला लावली, पडल्यापडल्या फडक्यातून चाळून घेतली आणि जपून ठेवली. गुरजी मावा पडला म्हणून सांगायला आला की त्याला दे, असं सांगून ठेवलं होतं.

"तुमी कधी म्हणालाव न्हाई," सून म्हणाली, "म्हणून द्यायची ऱ्हायली."

बाईला सांगू नको, असं अक्का म्हणाली होती. ते मी आजवर पाळलं. बायको हे वाचेल तेव्हा तिला कळेल, आणि ती रडेल. पण एवढी मोठी गोष्ट एकट्याने सांभाळायची माझी लायकी नाही, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.

ह्या वर्षीची येळअमावस्या आम्ही गच्चीवरच केली. मालक आला, त्याची बायको आली. भज्जीत बाजारचा पावटा होता. अंबिल शिंपडत मी डब्यांभोवती फिरलो. शेवटच्या डब्यात काडी आहे, काडीपासून पाइपपर्यंत सुतळी आहे. खाली विटांवर राखेचा डबा ठेवला आहे. राख मऊ आहे, एक खडा सापडणार नाही. मी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.